नट, मुक्काम पोस्ट फोंडा

गोव्यात नट व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. दिवाळी उलटली, की देवळाच्या अग्रशाळेत बैठक बसते. यंदाच्या जत्रेला कुठलं नाटक करायचं यावर रात्री-रात्री वाद होतात, एखादा रागावून उठून जातो, त्याची समजूत काढून त्याला परत आणतात आणि मग पात्रं वाटली जातात. किराणा दुकानदाराला राजा, पोस्टमनला सेनापती, कदंब बसच्या कंडक्टरला खलनायक, कारण त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. नव्या पोराला निरोप्या: एक मुजरा, एक वाक्य, एक्झिट. मला निरोप्या मिळाला तेव्हा मी नववीत होतो. माझी कुणी ऑडिशन घेतली नव्हती. आजोबा त्याच मंडपात स्त्रीपार्ट करायचे आणि बाबा पेटी वाजवायचे, तेवढं पुरेसं होतं.

नाटकवेड महाराष्ट्रातही आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण आमच्या फोंडा तालुक्यात त्याची तऱ्हा वेगळी. घरात, बाजारात, भांडणात आम्ही कोकणी. रंगमंचावर चढलो की थेट दरबारी मराठी. दिवसभर मासळीच्या भावावरून हुज्जत घालणारा माणूस रात्री ‘महाराज, गड अजून जागा आहे’ म्हणतो, आणि समोर चटईवर बसलेल्या त्याच्या बायकोलाही त्यात काही विचित्र वाटत नाही. पोर्तुगीज अमलातही हे असंच चालायचं.

जत्रेच्या रात्री पालखी फिरून आत आली, की मध्यरात्रीच्या सुमारास तिसरी घंटा. एका बाजूला खाज्यांच्या दुकानांचा झगझगीत उजेड, दुसरीकडे पेंगुळलेली मुलं. विंगेत बॅटरी आणि पुस्तक घेऊन प्रॉम्प्टर. त्याचं वाक्य पहिल्या तीन रांगांना नटाच्या आधी ऐकू येतं. नाटक रंगात आलं, की प्रेक्षकांतून चिठ्ठ्या यायला लागतात आणि आतून माइकवर घोषणा होते: ‘सरदाराची भूमिका करणाऱ्या कलाकारास अमुक-अमुक यांजकडून रुपये 51!’ त्या क्षणी रंगमंचावर सरदाराचा मुलगा मरून पडलेला असतो. सरदार रडायचा थांबतो, आवाज आला त्या दिशेला हात जोडतो आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा रडायला लागतो. शहरातून आलेले पाहुणे हसतात. मला मात्र पुढे मालिकेच्या सेटवर हे फार कामाला आलं. लाइट बदलायला अर्धा तास जातो आणि मग दिग्दर्शक सांगतो, ‘हुंदक्यापासून घे.’ मी बरोबर हुंदक्यापासून घ्यायचो.

डोक्यात खरं वारं शिरलं ते कला अकादमीत. पणजीला कांपालवर, मांडवीच्या काठी चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ती वास्तू. आत दीनानाथ मंगेशकर कला मंदिर. अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतल्या ‘अ’ गटात आमचं नाटक होतं आणि मला अभिनयाचं प्रशस्तिपत्र मिळालं. जत्रेत टाळ्या मिळतात त्या अर्ध्या नात्याच्या असतात. इथे परीक्षक बाहेरचे, त्यांना माझे आजोबा ठाऊक नव्हते. प्रशस्तिपत्राची घडीसुद्धा मी घातली नाही, पुठ्ठ्यात ठेवलं. 2006 साली मुंबईला जायचं ठरवलं तेव्हा बाबांनी पेटीचा भाता बंद करत एवढंच विचारलं, ‘थंय तुका कोण वळखता?’

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी मात्र त्यांना मंगेशीचं उदाहरण दिलं, जे फोंड्यातला प्रत्येक मुलगा बापाला देतो. दीनानाथ मंगेशकर 1900 साली मंगेशीत जन्मले, कोवळ्या वयात किर्लोस्कर मंडळीत गेले आणि 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर बळवंत संगीत मंडळी काढली. वय वर्षं सतरा. बाबा म्हणाले, ‘ताचो गळो तुका आसा?’ विषय संपला.

आता मला वाटतं, त्या वेळी दीनानाथांऐवजी मोगूबाई कुर्डीकरांचं नाव घ्यायला हवं होतं. जग त्यांना जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका म्हणून ओळखतं, पण सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावातून निघालेली ती मुलगी आधी नाटकमंडळीत नटी होती. चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी, मग सातारकर स्त्री संगीत मंडळी. आई लहानपणीच गेली. एका कंपनीतून दुसरीत, गाव बदलत, कधी काम आहे कधी नाही, असं ते आयुष्य. ‘स्ट्रगलर’ हा शब्द तेव्हा आपल्याकडे आला नव्हता एवढंच. त्यांचं कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की घरांचे चौथरे वर येतात आणि लोक आपापली जागा शोधायला जातात.

गोव्याचा माणूस मुंबईला जाऊन कलाकार होतो, यात नवीन काहीच नाही. आमच्या ख्रिस्ती बांधवांचं तियात्र, म्हणजे त्यांचं कोकणी नाटक, तर जन्मलंच मुंबईत, 17 एप्रिल 1892 रोजी. पण त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती, ती आम्हा हिंदू गोवेकरांना जमली नाही: कूड. धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या कुडी होत्या. जेर महालमध्ये काही अजून आहेत. बोटीवर चढायला आलेला खलाशी असो की नोकरी शोधणारा पोरगा, आपल्या गावच्या कुडीत ट्रंक ठेवायला जागा आणि रात्री पाठ टेकायला कोपरा अगदी थोडक्या पैशांत मिळायचा. संध्याकाळी तेर्साला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, हजर राहायचं, ही अट. माणूस बेकार असला तरी कुणाचा तरी असायचा. आम्ही गिरगाव-दादरच्या मावशीकडे उतरायचो आणि महिनाभरात मावशीच्या चेहऱ्यावरून कळायचं, की आता जागा बघायला हवी.

जागेचं थोडक्यात सांगतो, कारण ही रड सगळ्यांनी वाचलेली आहे. 11 महिन्यांचा करार, एक भाडं दलालाला, डिपॉझिट वेगळं, आणि सोसायटीचा सेक्रेटरी विचारणार, ‘फिल्म लाइनवाले नहीं ना?’ आम्ही चौघं एका वन बीएचकेत. करारावर चौघंही ‘मार्केटिंग’मध्ये होतो.

तेव्हा कामाची पद्धत म्हणजे ‘फोटो टाकणं’. आठ बाय दहाचे फोटो, मागे नाव आणि नंबर चिकटवलेला, आणि अंधेरीच्या वीरा देसाई रोडपासून यारी रोडपर्यंत ऑफिसांच्या पायऱ्या. शिपाई गठ्ठा घ्यायचा आणि टेबलाखालच्या खोक्यात ठेवायचा. त्या खोक्यात माझ्यासारखे किती जण होते हे मी एकदा वाकून पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही. आता सगळं व्हॉट्सॅपवर आणि सेल्फ-टेपवर, म्हणजे घरीच स्वतः टिपून पाठवलेल्या ऑडिशनवर, आलं आहे. हल्लीची मुलं म्हणतात, चपला झिजत नाहीत. खरं आहे, पण पायऱ्यांवर भेटणारी माणसंही गेली. माझी पहिली तीन कामं मला ऑफिसांनी दिली नाहीत, पायऱ्यांवरच्या मुलांनी सांगितली.

ऑडिशन म्हणजे काय, हे एकदा जवळून बघायला हवं. वर्सोव्याचं आरामनगर: बैठ्या बंगल्यांच्या रांगा, प्रत्येक दारावर कागद चिकटवलेला, बाहेर चहावाला. मला मेसेज आला होता, ‘ऑफिस क्लार्क, फॉर्मल, ब्लू शर्ट’. गेलो तर अंगणात वीस-पंचवीस जण, सगळे माझ्या वयाचे, माझ्या अंगकाठीचे, निळ्या शर्टातले. प्रत्येकाच्या हातात तोच कागद आणि प्रत्येकजण भिंतीकडे, झाडाकडे, स्कूटरच्या आरशाकडे बघत म्हणतोय, ‘सर, फाइल टेबलवर ठेवलीय.’ कुणी घाबरत, कुणी कुत्सित, एक जण तर डोळ्यांत पाणी आणून. एवढंच वाक्य होतं. दीड तासाने आत. खोली लहान, तिपाईवर कॅमेरा, भिंतीला राखाडी कापड. ‘इंट्रो दीजिए.’ नाव, वय, उंची. डावी बाजू, उजवी बाजू, हात पुढून, हात मागून. समोरचा साहेब म्हणजे एक सहायक मुलगा. तो मोबाइलमध्ये बघत, सपाट आवाजात त्याचं वाक्य म्हणतो आणि तुम्ही त्याच्याकडे सात वर्षं दबून नोकरी केल्यासारखं बघायचं. मी म्हटलं, ‘सर, फाइल टेबलवर ठेवलीय.’ तो म्हणाला, ‘भाई, थिएटर मत करो.’

त्या वाक्याने मला बरेच महिने पोखरलं. आमच्याकडे आवाज म्हणजे नट. विनामाइक, खाज्यांच्या दुकानापलीकडे ऐकू गेलं पाहिजे. आणि इथे कॅमेरा हातभर अंतरावर, त्याला पापणीसुद्धा ऐकू येते. गावात मी दूरच्या माणसाला दिसावं म्हणून भुवई उचलायला शिकलो होतो. तीच भुवई इथे कपाळ फोडून बाहेर येते, असं मॉनिटरवर मला माझ्याच डोळ्यांनी दिसलं. पुढे एका वयस्क कॅमेरामनने चहा पिताना युक्ती सांगितली: वाक्य पूर्ण ताकदीने मनात म्हण, मग तोंडाने नुसतं सांग. ताकद डोळ्यांत उरते. हे अभिनयाच्या वर्गात शिकवतात की नाही, मला ठाऊक नाही. मी वर्गाचे पैसे कधी भरले नाहीत.

दुसरी अडचण बोलण्याच्या हेलाची. मराठी मालिकेच्या ऑफिसात माझं मराठी ऐकून पहिला प्रश्न, ‘मालवणी करतोस ना?’ मी सांगायचो, मी गोव्याचा, आमची कोकणी वेगळी. ‘तेच रे, मालवणीच.’ तर मालवणी गडी, मालवणी चुलता, मालवणी भूत, सगळं केलं. हिंदीवाल्यांकडे आणखी गंमत. गोव्याचा म्हटल्यावर समोरच्याच्या डोळ्यांपुढे टोपी, गळ्यात क्रॉस आणि हातात बाटली. ‘लेकिन आप तो गोवन लगते नहीं.’ आम्ही शेंडीवाल्या भटाच्या वाड्यापासून पाच पावलांवर वाढलो, हे कुणाला सांगणार? उलट, गोव्यातच शूटिंग असलं की समुद्रकिनाऱ्याच्या दृश्यात उभं करायला हरमल-हणजुण्याचे गोरे पर्यटक शोधले जातात आणि आमच्या वाट्याला वेटर नाहीतर हवालदार येतो. मी हवालदार इतक्यांदा झालो आहे, की फोंड्याच्या चौकात शीळ वाजली तर हात आपोआप वर जातो.

पण उपाशी झोपणं, लोकलचे धक्के, अपमान, या गोष्टी मला मुंबईत सर्वांत जड गेल्या नाहीत. जड गेलं ते हे, की नट व्हायला आलेला माणूस इथे अभिनयच करत नाही. दिवस कशात जातो? फोन करण्यात, वाट बघण्यात, शर्टाला इस्त्री करण्यात, ‘बताते हैं’ या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात. अंधेरीतल्या कॉल सेंटरात मी रात्रपाळी करायचो, तिथे परदेशी गिऱ्हाइकांशी खोट्या नावाने बोलायचो. त्या काळात तेवढाच काय तो अभिनय. गावातला आमचा पोस्टमन वर्षाला निदान एक नाटक पूर्ण उभं करत होता, तीन अंकी, गाण्यांसकट. मी, जो ‘लाइन’मध्ये होतो, महिन्याकाठी ‘फाइल टेबलवर ठेवलीय’ म्हणत होतो आणि तेही नापास होत होतो. स्नायू न वापरल्याने वाळतो, तसं होतं हे. माझ्याबरोबरच्या चौघांपैकी जो सर्वांत देखणा होता, तो यामुळेच संपला. तो कामाची वाट बघत राहिला. त्याला दरम्यान कुठेही उभं राहायला कमीपणा वाटायचा.

पैशांचीही एक गोष्ट सांगून ठेवतो, नव्या मुलांना उपयोगी पडेल. मालिकेत एक दिवसाचं काम केलं, बारा तासांची शिफ्ट भरली, तर पैसे हातात यायला साधारण 90 दिवस. त्यातून काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचा टक्का जाणार. म्हणजे एप्रिलमध्ये रडलात तर त्याचं भाडं जुलैत भरायचं. सरदाराला हुंदक्याच्या मध्येच 51 रुपये मिळत होते, याची किंमत मला तिथे कळली. आणि जो कुणी काम देण्याआधी रजिस्ट्रेशनचे, कार्डाचे नाहीतर ‘आमच्याच फोटोग्राफरकडून’ पोर्टफोलिओचे पैसे मागेल, तो काम देणारा नसतो. मीही एका ऑफिसात भरले. पुढच्या महिन्यात गेलो तर तिथे टाइल्सचं दुकान होतं.

मला तारलं ते नाटकानेच, पण बॅकस्टेजच्या बाजूने. दादरच्या शिवाजी मंदिरात एका व्यावसायिक नाटकाच्या पडद्यामागे प्रॉपर्टी लावायला माणूस हवा होता. कप, ट्रे, टेलिफोन, योग्य प्रवेशाला योग्य जागी. रोज तेच नाटक विंगेतून ऐकायचं. दोन-अडीच महिन्यांत सगळ्यांच्या भूमिका पाठ झाल्या आणि नोकराचं काम करणारा नट मालिकेत अडकल्यावर ‘अरे, याला येतं की’ म्हणून मला उभं केलं. ट्रे घेऊन यायचं, तीन वाक्यं, एक लाफ्टर, जायचं. नऊवारी-धोतराच्या दरबारातून निघालेला मी चहाच्या ट्रेवर स्थिरावलो. आणि खरं सांगतो, कॉल सेंटर सोडलं त्या दिवसापेक्षा पहिला लाफ्टर आला त्या रात्री मला झोप कमी लागली.

मग त्या नाटकाचा गोवा दौरा लागला. पणजी, मडगाव आणि फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर. मी घरी फक्त एवढंच कळवलं होतं, की काम छोटं आहे. बाबांनी ते कुणाला सांगितलं, कुणी कुणाला, ठाऊक नाही. दुसऱ्या अंकात नायक फोनवर अत्यंत गंभीर वाक्य बोलत असताना मी ट्रे घेऊन आत आलो आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं. थांबेचना. मागून कुणीतरी माझ्या घरच्या नावाने हाकही मारली. नायक नाटक-सिनेमात नावाजलेला माणूस. तो रिसीव्हर हातात घेऊन आधी प्रेक्षकांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मला माझं पहिलं वाक्य आठवेना, आणि हातात ट्रे, त्यामुळे हात जोडायचीही सोय नाही. मध्यंतरात तो मेकअपरूममध्ये आला. वाटलं, आता बोलणी बसणार. तो म्हणाला, ‘तुझ्या गावचे लोक नोकराच्या एन्ट्रीला असं करतात, मग राजाच्या एन्ट्रीला काय करतात रे?’ मी म्हटलं, ‘सर, 51 रुपये देतात.’ त्याला ते कळलं नाही. समजावून सांगेपर्यंत घंटा झाली.

पुढे काही वर्षांनी मी परत आलो. बाबांना त्यांचं वह्या-पेनांचं दुकान झेपेनासं झालं होतं, हे एक कारण. चौकात लोक म्हणाले, ‘मुंबयसून परतलो’, म्हणजे परतला. त्या एका शब्दात ते काय-काय भरायचे, हे मला कळायचं, पण त्यावर रागावण्याइतका वेळ नव्हता. वह्यांचा सीझन होता. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात कोविडमुळे शूटिंग बंद झाली आणि हिंदी-मराठी मालिकांची युनिट्स गोव्यात उतरली. ज्यांच्या ऑफिसांच्या पायऱ्या मी चढलो होतो, त्यांतलेच काही जण हॉटेलांतून फोन करून विचारू लागले, ‘तिथे कुणी तयार नट आहे का, लगेच?’ जेमतेम हातपाय हलवले, तोच मे महिन्याच्या सुरुवातीला गोवा सरकारनेही परवानग्या थांबवल्या आणि ती वरात परत गेली. मला त्यात एका मालिकेत मुलीच्या बापाचं काम मिळालं होतं. लग्न लागायच्या आधीच युनिट उठलं. ती मुलगी पुढे हैदराबादच्या बाजूला दुसऱ्याच बापाच्या हातून बोहल्यावर चढली म्हणतात.

हल्ली पोरं विचारायला येतात. गेल्या आठवड्यात आमच्याच वाड्यावरच्या एकाचे वडील दुकानात आले, चार पेनं उगाच चाळवली आणि म्हणाले, ‘काका, कितले पयशे दिवन धाडूं ताका?’ मी त्यांना आकडा सांगितला, शिवाय सांगितलं की मुलाला एक कुठलंही पोटाचं काम आधी बघू दे, आणि जाताच एखाद्या नाट्यसंस्थेत खुर्च्या उचलायला का होईना पण शिरू दे. त्यांनी मान डोलावली. मग आवाज खाली आणून विचारलं, ‘सरकारी नोकरेचो फॉर्म मात भरून दवरूं मरे?’ मी म्हटलं, भरा. तो भरला म्हणून कुणाचा अभिनय बिघडल्याचं मी पाहिलेलं नाही.

मी स्वतः अजून कामाचे मेसेज येणाऱ्या व्हॉट्सॅप ग्रुपांत आहे. पूर्वी ‘वय 22 ते 28, फिट’ असे मेसेज वाचायचो. आता माझ्या वाट्याला ‘फादर, 45 ते 50, मिडल क्लास’ येतात, आणि खरं सांगायचं तर आता मी जास्त फिट आहे. दुकानाचं शटर खाली ओढून मागच्या खोलीत सेल्फ-टेप करतो. बायको समोरची वाक्यं वाचते. विहिणीची वाक्यं जरा जास्तच मनापासून. कधी उत्तर येतं, बहुतेकदा येत नाही. नुकतंच एकाचं आलं: टेप आवडली, परवा सकाळी नऊची शिफ्ट आहे, मुंबईतच असता ना? कोकणकन्या संध्याकाळी मडगावहून सुटते आणि उजाडायच्या सुमारास मुंबईत सोडते. मी ‘हो’ लिहिलं आणि तिकीट बघायला लागलो.